अकरा दिवसांची कादंबरी: जॉर्ज सिमनोंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या कुणी सिमनोंच्या मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याची कादंबरी हातात घेतली की महिन्याभरात ठरलेले प्रश्न यायला लागतात. त्याच त्या उत्तरांची उजळणी करून कंटाळलो, म्हणून ती इथे लिहून ठेवतो आहे. क्रम लोक विचारतात तसाच. शेवटाकडचे प्रश्न सहसा दोन-चार पुस्तकं वाचून झाल्यावर येतात.

आधी हे सांगा, नाव कसं म्हणायचं?

सिमनों. मधला ‘ए’ जवळजवळ गिळायचा आणि शेवटचा ‘न’ नाकात सोडून द्यायचा. ‘सायमेनन’ म्हटलंत तरी पुस्तकाच्या दुकानात काम होईल. त्याच्या पोलीस अधिकाऱ्याचं नाव मेग्रे. लिहिताना शेवटी ‘त’ आहे, बोलताना नाही.

हा सिमनों कोण? आगाथा ख्रिस्तीच्या जोडीला बसवायचा का?

काळ साधारण तोच, जात वेगळी. जन्म १९०३चा, बेल्जियममधल्या लिएज शहरातला. मृत्यू ४ सप्टेंबर १९८९ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या लोझानला. मधल्या काळात स्वतःच्या नावावर १९०हून जास्त कादंबऱ्या. त्यांतल्या ७५ कमिसेर मेग्रेच्या, शिवाय मेग्रेच्या २८ कथा. उरलेल्यांना तो स्वतः ‘कठीण कादंबऱ्या’ म्हणायचा, त्यांत मेग्रे नाही. याखेरीज उमेदवारीच्या वर्षांत वीसेक टोपणनावांनी लिहिलेल्या दोनशेच्या आसपास स्वस्त कादंबऱ्या आहेत. त्या पोटासाठी होत्या हे त्याने कधी लपवलं नाही.

ख्रिस्तीच्या कादंबरीत वाचक खुनी शोधत बसतो. सिमनोंच्या कादंबरीत खुनी कोण हे कधी निम्म्यावरच कळतं, कधी पहिल्याच पानावर. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण तोवर प्रश्न बदललेला असतो. कालपर्यंत वेळेवर दुकान उघडणाऱ्या माणसाने आज असं का केलं, एवढंच जाणून घ्यायचं असतं.

बालपण कसं गेलं? लेखनात त्याचं काही आलं का?

सगळंच आलं. जन्माची गोष्टसुद्धा कादंबरीत शोभावी अशी आहे. घरात सांगितलं जायचं ते असं: मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे शुक्रवारी १३ फेब्रुवारीला पोर जन्मलं. आईने धसका घेतला आणि नवऱ्याला १२ तारीख नोंदवायला लावली.

वडील देझिरे विमा कचेरीत कारकून. ठरलेल्या वेळी निघणारे, ठरलेल्या वेळी परतणारे, तक्रार नसलेले. सिमनोंने आयुष्यभर ज्याच्याविषयी निखळ प्रेमाने लिहिलं असा हा एकच माणूस. मेग्रेचा संथपणा आणि साध्या गोष्टींतलं त्याचं समाधान मला या वडिलांचंच वाटतं. आई आंरिएत मात्र सतत काळजीत. पैसा पुरत नाही म्हणून तिने घरात भाडेकरू ठेवले. रशिया-पोलंडकडून शिकायला आलेले विद्यार्थी घरात आले, त्यांच्यासोबत त्यांची पुस्तकं आली, आणि शाळकरी जॉर्ज गोगोल, चेखव, दोस्तोयव्हस्की वाचायला लागला. भाड्याची खोली, भिंतीपलीकडचा खोकला, जिन्यावरचा स्वयंपाकाचा वास, कुणाकडे किती पैसे आहेत याचा घरभर चालणारा हिशेब: ही सगळी सामग्री त्या एका घरातली. पुढची पन्नास वर्षं ती त्याला पुरली.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली. बेकरीत आणि पुस्तकांच्या दुकानात थोडे थोडे दिवस काढल्यावर १९१९च्या जानेवारीत, सोळावं पुरं व्हायच्या आत, तो ‘गाझेत द लिएज’ या वर्तमानपत्रात बातमीदार झाला. पोलीस चौकी, न्यायालय, अपघात, अंत्ययात्रा या बीटवर फिरलेला मुलगा पुढे काय लिहिणार, हे वेगळं सांगायला नको.

त्याने खरे गुन्हेगार जवळून पाहिले होते का?

हो, आणि नको इतक्या जवळून. लिएजला तरुण चित्रकार-कवींचं एक टोळकं होतं. ते रात्री एका कळकट खोलीत जमायचे, प्यायचे आणि जगाचा निकाल लावायचे. सिमनों त्यात असायचा. १९२२मध्ये त्यांच्यातला एक, क्लाइन नावाचा व्यसनात बुडालेला चित्रकार, सेंट-फोलियन चर्चच्या दाराला लटकलेला सापडला. आत्महत्या अशी नोंद झाली. आदल्या रात्री त्याला घरी पोचवणाऱ्यांत आपण होतो, असं सिमनोंने पुढे लिहिलं आहे. सुरुवातीच्या मेग्रे कादंबऱ्यांपैकी ‘द हँग्ड मॅन ऑफ सेंट-फोलियन’ याच दारापासून निघते.

त्या दिवसांतल्या ओळखीचे दोघे जण पुढे खुनी ठरले. एकाचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं, दुसरा पत्रकार होता. यावर त्याने १९३८मध्ये एक पुस्तकच लिहिलं. खुनी म्हणजे निराळ्या मातीचा माणूस, यावर त्याचा विश्वास का नव्हता हे इथे कळतं. ज्यांच्याशी पुस्तकांवर गप्पा मारल्या, तेच हे लोक.

‘साहित्य काढून टाक’ हे त्याला कोण म्हणालं?

फ्रेंच लेखिका कोलेत. १९२२च्या डिसेंबरात सिमनों पॅरिसला आला आणि ‘ल मातँ’ दैनिकाकडे कथा पाठवू लागला. तिथे कथा निवडायचं काम कोलेतकडे होतं. तिने त्या परत केल्या. फारच साहित्यिक होतंय, ते साहित्य तेवढं काढून टाका, असा तिचा सांगावा. त्याने ऐकलं, कथा छापून यायला लागल्या, आणि आपल्याला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला म्हणून तो आयुष्यभर हा किस्सा सांगत राहिला.

पुढे पुनर्लेखन म्हणजे त्याच्या लेखी फक्त काटछाट. विशेषणं जायची, क्रियाविशेषणं जायची, आणि केवळ छान दिसतंय म्हणून आलेलं वाक्य तर आधी जायचं. कथानकाला तो हात लावत नसे. दोनेक हजार शब्दांत माझं भागतं, असं तो सांगायचा. एकीकडे लोकांना कळावं म्हणून. दुसरं कारण मला जास्त पटतं: टेबल, पाऊस, भाकरी अशा शब्दांना वजन असतं असं त्याला वाटे. ‘विषण्णता’ लिहिलं की प्रत्येक वाचक आपापलं काहीतरी समजतो. ‘पाऊस पडत होता’ लिहिलं की सगळेच भिजतात. सेझानने रंगवलेल्या सफरचंदाला जसं वजन आहे, तसं आपल्या वाक्याला यावं ही त्याची धडपड.

मराठीत लिहिणाऱ्यांना हे पचायला जड जातं, मलाही गेलं. आपल्याकडे शाळेतल्या निबंधापासून शब्द सजवायची सवय लावतात. त्याच्या एका पानावरचं वर्णन आपल्या भाषेत करून पाहा. हात आपोआप ‘निःशब्द’, ‘गूढ’, ‘विलक्षण’ लिहायला जातो.

काचेच्या पिंजऱ्यात बसून त्याने कादंबरी लिहिली म्हणे?

नाही लिहिली. १९२७मध्ये एका वृत्तपत्राच्या मालकाने तशी जाहिरातबाज कल्पना काढली होती. पॅरिसमधल्या मुलँ रूज या कॅबरेच्या बाहेर काचेची खोली उभारायची, पात्रं लोकांनी सुचवायची आणि त्यांच्यादेखत सिमनोंने कादंबरी टंकायची. करार झाला, गवगवा झाला, पण प्रत्यक्षात काही घडलं नाही. गंमत पुढेच आहे. वर्षानुवर्षं लोक शपथेवर सांगत राहिले की आम्ही तो पिंजरा डोळ्यांनी पाहिला. साक्षीदारांच्या जबान्या कितपत विश्वासार्ह असतात याचा असा नमुना मेग्रेलाही मिळाला नसता.

मेग्रे सुचला कसा?

सिमनोंची आवृत्ती अशी. १९२९मध्ये तो ‘ओस्त्रोगोथ’ नावाच्या आपल्या बोटीतून उत्तरेचे कालवे हिंडत होता. हॉलंडमधल्या डेल्फझाइल बंदरात बोटीची दुरुस्ती निघाली. ठोकाठोकीत बोटीवर लिहिणं अशक्य, म्हणून त्याने जवळच्या अर्धवट बुडालेल्या एका पडीक पडावात खोक्यांवर टंकयंत्र मांडलं. एका सकाळी कॅफेत बसून एक-दोन पेले जिन घेतल्यावर डोळ्यांपुढे धिप्पाड, पाइप ओढणारा, जाड ओव्हरकोट घातलेला माणूस उभा राहिला. डेल्फझाइलने १९६६मध्ये मेग्रेचा पुतळाही उभारला, आणि अनावरणाला स्वतः सिमनों होता.

अभ्यासकांना ही गोष्ट पुरती मान्य नाही. मेग्रे नावाचा पोलीस त्याआधी टोपणनावाने लिहिलेल्या कादंबऱ्यांत डोकावून गेलेला आहे. म्हणजे तो एका सकाळी जन्मला नाही, दोन-तीन पुस्तकांत चाचपडत चाचपडत आला. मला हीच आवृत्ती जास्त आवडते. सिमनोंला मात्र आपल्या आयुष्याचंही कथानक बांधायची खोड होती. त्याच्या आठवणी वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

फायार या प्रकाशकाने आधी नाक मुरडलं. यात कोडं नाही, प्रेमप्रकरण नाही, नायक मध्यमवयीन आणि जाडा, शेवटही गोड नाही, मग खपणार काय? सिमनोंने उत्तर दिलं ते पार्टी देऊन. २० फेब्रुवारी १९३१च्या रात्री माँपारनासच्या एका नाइटक्लबमध्ये नृत्यसमारंभ ठेवला. निमंत्रणं पोलिसांच्या नोंदपत्रासारखी, आणि दारात प्रत्येक पाहुण्याच्या बोटांचे ठसे घेण्याची सोय. दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये तोच विषय. जाहिरात हा आपल्या काळाचा शोध आहे असं वाटणाऱ्यांसाठी ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी.

मेग्रेची तपासपद्धत काय?

पद्धत नाही, आणि विचारणाऱ्याला तो तसंच सांगतो. खून झाला तिथे जाऊन तो बसतो. समोरच्या कॅफेत बिअर घेतो, मग दुसरी घेतो. घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात डोकावतो. मेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसून पाइप पेटवतो. हाताखालचे लुका, जान्व्हिए, लापोएंत कागद आणि पाळत सांभाळतात. हा त्या घराची हवा अंगात मुरू देतो. हळूहळू तो त्या लोकांसारखा विचार करायला लागतो आणि मग एकाएकी चिडचिडा होतो. हाताखालच्यांना ही खूण ठाऊक आहे: साहेब जवळ पोचले.

शेवटी केदे-झोर्फेव्हरच्या ३६ नंबरच्या पोलीस कचेरीत रात्रभर चौकशी चालते. खालच्या दोफीन ब्रासरीतून सँडविच आणि बिअर मागवली जाते. दरडावणी क्वचित. पहाटे समोरचा माणूस बोलायला लागतो तो बहुधा दमून, आणि आपल्याला कुणीतरी समजून घेतलंय या जाणिवेने.

मेग्रेचा भूतकाळ इथे कामाला येतो. वडील एका सरदाराच्या इस्टेटीवर कारभारी. मुलाला डॉक्टर व्हायचं होतं, शिक्षण अर्धवट राहिलं. लहानपणी त्याला वाटायचं, एखादा असा माणूस असायला हवा ज्याच्याकडे लोक आपलं बिघडलेलं नशीब घेऊन येतील आणि तो ते दुरुस्त करून देईल. गावातल्या चांभारासारखा, फक्त चपलांऐवजी आयुष्यं. असा धंदा नव्हता म्हणून तो पोलिसांत गेला.

मेग्रेची बायको नुसती स्वयंपाकच करते का?

बरंचसं हो. रिशार-लन्वार मार्गावरचं घर, अल्सासकडचा स्वयंपाक, शेगडीवर गरम ठेवलेलं जेवण. या जोडप्याला झालेली मुलगी जगली नाही, आणि त्याचा उच्चार सबंध मालिकेत जेमतेम होतो. तेवढ्यावरून त्यांच्या संध्याकाळच्या गप्पपणाचा अर्थ लागतो. तरी आजच्या वाचकाला मादाम मेग्रेवर अन्याय झाल्यासारखं वाटलं, तर त्या वाचकाचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. सिमनोंच्या एकूणच स्त्रिया एक तर उबदार असतात, नाहीतर घुसमटवणाऱ्या. मधल्या फार थोड्या.

तो लिहायचा कसा? नेमकं सांगा.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात कथेपासून होत नसे. आधी एखादा वास, एखादी हवा. कुठूनतरी लिलाकचा दरवळ आला की त्यासोबत एखादं गाव, तिथली सकाळ आठवायची. मग त्या गावात एक माणूस. नावांसाठी तो टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळायचा. देशोदेशींच्या डिरेक्टऱ्या त्याने जमवल्या होत्या. नावं मोठ्याने म्हणून पाहायची आणि कानाला पटेल ते उचलायचं.

मग एक पिवळं पाकीट. कागद ठेवायचं साधं मोठं पाकीट असतं ते. त्यावर पात्रांची नावं, वयं, पत्ते, टेलिफोन नंबर, आई-वडील काय करायचे, कुणाला कसलं दुखणं. कधी घराचा नकाशा, कारण दार डाव्या हाताला उघडतं की उजव्या, हे त्याला माहीत असायला हवं. यातलं बरंचसं कादंबरीत येतही नाही. आणि पाकिटावर जे मुळीच नसतं ते म्हणजे पुढे काय घडणार. त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारलेला असतो: हा माणूस, हा त्याचा धंदा, ही त्याची बायको; असं काय घडलं तर हा आपल्या टोकापर्यंत जाईल? उत्तर कधी अगदी क्षुल्लक असतं, जुना ओळखीचा माणूस अचानक समोर येणं, एवढंच.

आदल्या रात्री फक्त पहिलं प्रकरण माहीत. मग रोज सकाळी एक प्रकरण, एकही दिवस न चुकवता. दारावर ‘व्यत्यय नको’ची हॉटेलातली पाटी. पेन्सिली आधीच टोक करून, पाइप आधीच भरून ठेवलेले, म्हणजे मध्ये हात थांबायला नको. त्या सकाळपुरता तो मुख्य पात्राच्या कातडीत शिरलेला असे, आणि पाच-सहा दिवसांनंतर हे जवळजवळ असह्य होतं असं तो म्हणायचा. कादंबऱ्या छोट्या आहेत त्याचं खरं कारण हे. सबंध पुस्तकाला अकराएक दिवस. पुढे पुढे त्याहूनही कमी. त्यानंतर तीनेक दिवस काटछाट.

अमेरिकेत असताना त्याने एका मुलाखतीत सांगितलं आहे की कादंबरीला बसण्याआधी तो डॉक्टरांना बोलावून रक्तदाब तपासून घ्यायचा. अकरा दिवसांत कुणाला भेटायचं ठरलेलं नाही ना, हेही पाहायचा. मध्ये ४८ तास जरी आजारी पडला, तरी लिहिलेली प्रकरणं फेकून द्यायचा आणि त्या कादंबरीकडे परत वळायचा नाही. लय तुटली की तो माणूस निघून गेला, परत यायचा नाही.

म्हणजे हा कारखानाच झाला की! आपल्या अर्नाळकरांसारखा?

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आकड्यात त्यांनी सिमनोंला केव्हाच मागे टाकलं आहे. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाचायला शिकल्या. पण तुलना करायचीच तर ती तरुण ‘जॉर्ज सिम’शी, म्हणजे टोपणनावाने लिहिणाऱ्या सिमनोंशी करावी. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी तोही दिवसाला ऐंशी-ऐंशी पानं टंकून कधी साहसकथा, कधी प्रेमकथा विकत होता. त्या दोनशे पुस्तकांत त्याने सुताराचं काम शिकून घेतलं: दार कसं उघडायचं, माणूस खोलीत कसा आणायचा, प्रकरण कुठे तोडायचं.

पुढची घाई निराळी. कारखान्यात माल एकसारखा निघावा म्हणून वेग असतो. इथे धाप लागायच्या आत पलीकडच्या काठाला पोचायचं होतं. अर्थात सगळ्या वेळी पोचला असं नाही. साठच्या दशकातले काही मेग्रे मला वाफ निघून गेलेल्या चहासारखे लागतात, शेवटच्या तीस पानांत गुंता भराभर आवरलेला. चाहते हे मान्य करत नाहीत.

मेग्रे निवृत्त होतो, मग पुन्हा कामावर कसा?

सिमनोंने १९३४च्या सुमारास त्याला निवृत्त करून गावी धाडलं होतं. आता गंभीर लेखक व्हायचं होतं, प्रकाशकही गालिमारसारखा प्रतिष्ठित मिळाला होता. पण मेग्रे परतला आणि १९७२पर्यंत राहिला. वयाचा हिशेब लावू नका. १९३०च्या आसपास पंचेचाळिशीतला असलेला माणूस चाळीस वर्षांनंतरही निवृत्तीला आलेलाच असतो.

‘कठीण कादंबऱ्या’ वाचाव्यात का?

वाचाव्यातच. तिथे मेग्रे नाही, म्हणजे समजून घेणारं कुणी नाही. माणूस टोकाला जातो आणि त्याला परत आणायला कुणी येत नाही. ‘द स्नो वॉज डर्टी’ ही १९४८ची कादंबरी परकीय सैन्याच्या ताब्यातल्या एका निनावी शहरात घडते. नायक एकोणीस वर्षांचा, आईच्या कुंटणखान्यात राहणारा, आणि पहिला खून करतो तो जवळजवळ उगाचच. पुस्तक संपल्यावर दोन दिवस मला दुसरं काही वाचता आलं नव्हतं. फ्रेंच साहित्यिक आंद्रे जीदसारख्या माणसाने सिमनोंला थोर कादंबरीकारांत गणलं ते अशाच पुस्तकांच्या बळावर. त्याला नोबेलची आस होती. ते मिळालं नाही.

युद्धात त्याने जर्मनांशी हातमिळवणी केली होती का?

सरळ हातमिळवणी नाही, पण हात स्वच्छही नाहीत. १९४०मध्ये ला रोशेलला बेल्जियन निर्वासितांची सोय लावण्याचं काम त्याने मनापासून केलं. त्याच काळात आपल्या कादंबऱ्यांचे चित्रपटहक्क जर्मन मालकीच्या कॉंतिनेंताल कंपनीला विकले, आणि टंचाईच्या वर्षांत आरामात राहिला. युद्धानंतर चौकशीचं सावट आलं, तेव्हा १९४५मध्ये अटलांटिक ओलांडून पुढची दहा वर्षं कॅनडा-अमेरिकेत काढली. अठराव्या वर्षी ‘गाझेत’मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध एक लेखमालाही लिहिली होती. संपादकाच्या हुकमाने लिहिली, असं तो पुढे म्हणे. धाकटा भाऊ क्रिस्तियान बेल्जियमच्या फॅसिस्ट पक्षात होता आणि १९४४च्या एका हत्याकांडात सामील होता. सिमनोंच्या सल्ल्याने तो फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये नाव बदलून दाखल झाला आणि १९४७मध्ये इंडोचायनात मारला गेला.

‘समजून घे, निवाडा करू नकोस’ हे सिमनोंचं ब्रीद. हे वाचल्यावर त्या ब्रीदाकडे थोडं संशयाने पाहावंसं वाटतं. निवाडा नको असं म्हणणाऱ्यालाही कधीकधी स्वतःसाठी माफी हवी असते.

दहा हजार बायकांचं काय खरं?

१९७७मध्ये चित्रपट दिग्दर्शक फेलिनीशी झालेल्या गप्पांत त्याने हा आकडा टाकला. दुसरी बायको देनिज म्हणाली, बाराशेच्या वर नसतील. आकड्यावरून हसू येतं, पण घरातल्या माणसांना हसू आलं नाही.

आईशी खरंच इतकं वाकडं होतं?

वाकडंही नाही म्हणता येत, कारण शेवटपर्यंत दोघं एकमेकांना हिशेब देत राहिली. आईचा जीव क्रिस्तियानवर. तो गेल्यावर, जॉर्जऐवजी क्रिस्तियान गेला याची हळहळ तिने मोठ्या मुलापाशीच बोलून दाखवली, असं सिमनोंने लिहून ठेवलं आहे. तो दरमहा तिला पैसे पाठवायचा. ती ते खर्चायची नाही. म्हातारपणी मुलाच्या प्रासादासारख्या घरी आली आणि साठवलेले सगळे पैसे त्याला परत केले.

१९७०मध्ये ती लिएजच्या रुग्णालयात असताना तो आठवडाभर उशाशी बसून होता. त्याला पाहिल्यावर तिने विचारलं, कशाला आलास? तीन-साडेतीन वर्षांनी त्याने ‘लेटर टु माय मदर’ सांगून लिहवलं. शंभरेक पानांत बसणारं हे पुस्तक. आयुष्यभर अनोळखी माणसांना समजून घेणारा लेखक एका बाईपुढे बसला आहे आणि त्याला वाचता येत नाही, अशी ती पानं आहेत. मला कुणी त्याचं एकच पुस्तक ठेवायला सांगितलं, तर मेग्रे बाजूला सारून मी हे ठेवीन.

मुलगी मारी-जो हिने १९७८मध्ये, पंचविसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये आयुष्य संपवलं. तिच्या अस्थी लोझानच्या घरामागच्या बागेत देवदाराखाली विखुरल्या. पुढे त्याच्याही तिथेच. १९८१मध्ये आलेल्या त्याच्या जाडजूड आठवणी तिलाच उद्देशून लिहिलेल्या आहेत.

सुरुवात कुठून करू?

पहिल्या कादंबरीपासून, म्हणजे ‘पिएत्र द लॅट्वियन’पासून नको. ती अजून मारामारीची आहे, मेग्रेचं पात्र पुरतं मुरलेलं नाही. ‘द यलो डॉग’ घ्या: समुद्रकाठचं गाव, पाऊस, आणि कुणाचं आहे कुणास ठाऊक असं एक कुत्रं. मग ‘द सेंट-फिआकर अफेअर’, त्यात मेग्रे आपल्या बालपणीच्या गावी परततो. नंतर ‘मेग्रे सेट्स अ ट्रॅप’. क्रम पाळायची गरज नाही. पेंग्विनने २०१३पासून पुढच्या काही वर्षांत पंचाहत्तरही कादंबऱ्या नव्याने इंग्रजीत आणल्या, तेव्हा मिळण्याची अडचण नाही. एका बैठकीत संपवा. तीन तास पुरतात, आणि तो लिहायचाही एका दमात.

पडद्यावर पाहायचा असेल तर फ्रेंचमध्ये झाँ गाबँ आणि ब्रुनो क्रेमेर. रोवन अ‍ॅटकिन्सनचा मेग्रेही पाहा, मिस्टर बीन विसरता आला तर.

लिहिणं थांबवलं कसं?

१९७२च्या सप्टेंबरात, सत्तरीला टेकलेला असताना, नेहमीसारखा नव्या कादंबरीचं पाकीट घेऊन बसला. नावं लिहिली. पण त्या माणसाच्या कातडीत शिरणं काही जमेना. त्याने कादंबरी सोडून दिली, आणि थोड्याच दिवसांत ओळखपत्रावरचा ‘कादंबरीकार’ हा शब्द खोडून ‘व्यवसाय नाही’ असं नोंदवून घेतलं. मोठं घर विकायला काढलं. मग एक टेपरेकॉर्डर आणला आणि स्वतःविषयी बोलत बसला. त्या बोलण्याचे २१ खंड झाले. त्यांत साहित्य काढून टाकायला कुणी कोलेत नव्हती, हे वाचताना जाणवतं.

ती पिवळी पाकिटं आता कुठे आहेत?

लिएज विद्यापीठात. १९७०च्या दशकात त्याने आपले कागद तिथे देऊन टाकले. एकोणिसाव्या वर्षी रेल्वे पकडून ज्या शहरातून तो निघाला, त्याच शहरात आता अभ्यासकांना ती पाकिटं पाहायला मिळतात. नाव, वय, पत्ता, टेलिफोन नंबर, वडील काय करायचे. खून कुणी केला हे एकाही पाकिटावर शोधू नये. ते लिहिणाऱ्यालाही तेव्हा माहीत नव्हतं.